आमारोने: मनुकांची वाइन समजून घेताना

वेलांटी

गेली सहा वर्षं मी उत्तर इटलीत, व्हेरोनात राहते. माहेर तासगाव तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग आहे, थोडा माल बाजारात जातो आणि उरलेल्याचा बेदाणा होतो. घरात वडील माळकरी, त्यामुळे इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी वाइनच्या वाटेला गेलेच नाही. मग एका रविवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्या आजोळी जेवायला नेलं. गाव फुमाने, शहरापासून बसने पाऊण तास. डिसेंबरचे दिवस होते. जेवणं झाल्यावर तिचे आजोबा म्हणाले, चल, वरचा माळा दाखवतो. जिना चढून दार उघडलं आणि जो वास आला तो थेट आमच्या बेदाण्याच्या शेडचा. सुकत चाललेल्या द्राक्षांचा, थोडा गुळासारखा, थोडा धुळीचा. मी तिथेच थांबले. दोन्ही भिंतींना समोरासमोर खिडक्या, मध्ये छतापर्यंत फळ्यांचे मजले आणि त्यावर एका थरात मांडलेले काळे घड. आमच्या रॅकच जणू, फक्त लाकडाच्या.

तो माळा म्हणजे फ्रुत्ताइओ. तिथे जी द्राक्षं सुकतात त्यांची वाइन म्हणजे आमारोने. मराठीत तिच्याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी जागा. व्हेरोनाच्या वायव्येला लेसीनी डोंगर उतरत येतात आणि त्यांच्या पायथ्याशी बोटांसारख्या दऱ्या पसरतात. हा भाग वाल्पोलिचेल्ला. नेग्रार, मारानो, फुमाने, सान पिएत्रो इन कारियानो आणि सांताम्ब्रोज्यो ही पाच गावं म्हणजे जुना, मूळ पट्टा. त्या गावांतल्या द्राक्षांची वाइन असेल तरच बाटलीवर ‘क्लासिको’ लिहिता येतं. पश्चिमेला गार्दा सरोवर, त्यामुळे हिवाळा फार बोचरा होत नाही. उतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत, आणि बागांच्या मधेमधे चेरीची झाडं.

द्राक्षाच्या जाती इथल्याच: कोर्विना, कोर्विनोने, रोन्दिनेल्ला. सगळा डोलारा कोर्विनावर. साल जाड, चव आंबट चेरीची. बाहेर हे नाव फार कुणी ऐकलेलं नसतं, कारण दुसरीकडे ती फारशी लावतच नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तोडणी. आमारोनेसाठी हाताने निवडून फक्त सुटसुटीत घड घेतात, मण्यांत हवा खेळेल असे. गच्च घड आत कुजतो. पूर्वी घडाच्या फक्त वरच्या दोन पाकळ्या घेत, ज्यांना ऊन जास्त लागतं. इथल्या बोलीत त्यांना ‘रेचे’ म्हणजे कान म्हणतात. त्यावरून गोड वाइनचं नाव पडलं रेचोतो. मग हे घड शंभर-सव्वाशे दिवस माळ्यावर. पूर्वी बोरूच्या तट्ट्यांवर पसरत. त्याच तट्ट्यांवर उन्हाळ्यात रेशमाचे किडे पाळत, म्हणजे वर्षभर सामान एकच. वजन तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के उतरतं. डिसेंबर-जानेवारीत चिरडून आंबवायला घालतात.

आता खरी गंमत. त्या रसात साखर एवढी असते आणि थंडी एवढी असते की आंबवणं रखडत महिना-दीड महिना चालतं. मध्येच थांबलं की साखर उरते आणि गोड रेचोतो होते. शेवटपर्यंत गेलं की बहुतेक साखरेचं अल्कोहोल होऊन कोरडी, दणकट आमारोने. ‘आमारो’ म्हणजे कडू, आणि शेवटचा ‘-ओने’ म्हणजे मोठा. रेचोतो पुरातन आहे. सहाव्या शतकात गॉथ राजांचा मंत्री कॅसिओडोरस दरबारासाठी व्हेरोनाकडची सुकवलेल्या द्राक्षांची वाइन मागवत होता. आमारोने मात्र त्या मानाने कालची. नेग्रारच्या सहकारी तळघरात 1936 साली रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं, त्यातली साखर संपून गेली, आणि प्रमुख आदेलीनो लुक्केसे चाखून म्हणाले, ही आमारो नाही, ही आमारोने आहे, अशी गोष्ट इथे सांगतात. 1968 मध्ये वाल्पोलिचेल्लाला मूळस्थानाचा सरकारी दर्जा मिळाला, आणि आमारोने-रेचोतोला सर्वांत वरचा दर्जा 2010 मध्ये.

मला सांगायचं आहे ते एवढंच: आमारोनेपासून सुरुवात करू नका. एकाच बागेच्या, त्याच द्राक्षांच्या चार वाइन असतात. आधी साधी वाल्पोलिचेल्ला, ताज्या द्राक्षांची. मग रिपास्सो, मग आमारोने, शेवटी रेचोतो. या क्रमाने प्यायलात तर सुकवण्याने द्राक्षाचं काय होतं ते जिभेला आपोआप कळतं. थेट आमारोने उघडली तर फक्त ताकद कळते.

निफाडकर

फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे नाशिकला वाइनरीत फेरफटका मारणारे वाढलेत, पण द्राक्ष सुकवून वाइन हा प्रकार माहीत नव्हता. रिपास्सोचं जरा उलगडून सांगाल का? आणि बाटलीला किती पडतात?

वेलांटी

@निफाडकर, धन्यवाद. नारळाचं दूध काढताना पहिलं दाट दूध पिळल्यावर चोथ्यात पाणी घालून दुसरं काढतो ना, तसं समजा. फक्त इथे चोथ्यावर पाण्याऐवजी वाइन ओततात. आमारोने काढून घेतल्यावर सालींत थोडी साखर, रंग आणि खूप चव उरलेली असते. त्यावर हिवाळ्यातली कोवळी वाल्पोलिचेल्ला ओतायची. ती पुन्हा आंबते, अल्कोहोल थोडं चढतं, अंग भरतं. रिपास्सो म्हणजे ‘पुन्हा फिरवलेली’. पद्धत शेतकऱ्यांकडे जुनीच होती. मासी या घराण्याने 1964 च्या हंगामाच्या काम्पोफियोरिन नावाच्या वाइनपासून ती बाजारात गाजवली.

मी घेते तिथे साधी वाल्पोलिचेल्ला आठ-दहा युरो, रिपास्सो बारा ते अठरा, आमारोने पंचवीस-तीसच्या पुढे. वर मर्यादा नाही. महाग का, तर हिशेब बघा. शंभर किलो ताज्या द्राक्षांतून आमारोने जास्तीत जास्त चाळीस लिटर, म्हणजे एका बाटलीला जवळजवळ दोन किलो द्राक्षं. साध्या वाइनला किलोभराहून थोडी जास्त लागतात. त्यात माळ्यावरचे तीन-चार महिने, आणि नियमाप्रमाणे विक्रीआधी किमान दोन वर्षं मुरवणं, ‘रिझेर्वा’ असेल तर चार.

रसायनी

चांगला धागा. थोडी भर घालतो. सुकवणं म्हणजे फक्त पाणी कमी होणं नव्हे. तोडलेला घड महिनोन्‌महिने श्वास घेत राहतो. त्यात मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदातलं आम्ल, खर्ची पडतं आणि आंबटपणाचा सूर बदलतो. पेशी हळूहळू मरताना नवी सुगंधी द्रव्यं तयार होतात. म्हणून 10 दिवसांत भट्टीत सुकवलेलं आणि 110 दिवस हवेत सुकवलेलं द्राक्ष, दोघांत साखर सारखीच असली तरी वाइन सारखी होत नाही.

कृष्णाकाठ

ताई, मी मिरज तालुक्यातला, स्वतःची शेड आहे. वाइन घेत नाही, पण तुमचं लेखन दोनदा वाचलं. आम्हाला 15 दिवसांत बेदाणा तयार लागतो. वीस दिवस झाले की झोप उडते, कारण एक अवकाळी आली की सगळा माल काळा. तिकडे शंभर दिवस घड ठेवायचे म्हणजे बुरशी कशी आवरतात? डिपिंग करतात का? आणि बाग मांडवावर की वाय (Y) आकाराच्या आधारावर?

वेलांटी

@कृष्णाकाठ, दादा, तुमचा प्रश्न वाचून बाबांची आठवण आली, त्यांनी अगदी हाच क्रम धरला होता. त्यांची भेट सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आईबाबा इथे आले. छाटणी वीस ऑक्टोबरला धरली होती, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले, परतीचं तिकीट बारा तारखेचं. मी त्यांना फुमानेला त्याच आजोबांकडे घेऊन गेले. तोडणी चालू होती. बाबा आधी बागेत शिरले, वर बघितलं आणि म्हणाले, “मांडवच की.” खरंच मांडव आहे, व्हेरोनाची पेर्गोला, फक्त एका अंगाने वर उचललेला. कोर्विनाच्या काडीवर सुरुवातीच्या डोळ्यांना घड निघत नाही, म्हणून काडी लांब ठेवावी लागते आणि लांब काडीला मांडव सोयीचा. हे मी भाषांतर करून सांगायच्या आत बाबांनी काडीवरचे डोळे बोटाने मोजले होते.

मग माळ्यावर गेलो. बाबांनी पहिलं विचारलं, “धुतले?” नाही. “डिपिंग?” तेही नाही. बाबांनी एक मणी अंगठ्याने पुसला, त्याच्यावरची पांढरी लव निघाली आणि खालची काळी साल चमकली. म्हणाले, “लव राखलीय म्हणजे वेळ लागणारच.” तुम्हाला ठाऊकच आहे, इतरांसाठी लिहिते: आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवतो ते ही मेणासारखी लव मोडायला, म्हणजे पाणी झटकन निघतं आणि बेदाणा हिरवा-पिवळा राहतो. इथे त्यांना झटकन नकोच असतं.

बुरशीचं उत्तर म्हणजे हवा. माळे दरीच्या तळाला बांधत नाहीत, तिथे धुकं साचतं. ते चढावर, वारा असेल तिथे. कोरडा वारा असला की खिडक्या उघडायच्या, धुकं आलं की बंद. आता बहुतेकांकडे मोठे पंखे आहेत, दमटपणा शोषणारी यंत्रं आहेत. आणि रोज फेरी. बाबांनी एका खोक्यातला घड खालून उचलून पाहिला, तर देठाजवळ दोन मणी करड्या बुरशीने मऊ झालेले. त्यांनी ते नखाने खुडले आणि जमिनीवर न टाकता सदऱ्याच्या खिशात घातले. आजोबा बघत होते. काही न बोलता त्यांनी आपल्या कमरेची छोटी वाकडी कात्री काढून बाबांच्या हातात दिली. पुढचा तासभर दोघं दोन बाजूंनी खोकी तपासत होते. बाबांना इटालियन येत नाही, आजोबांना मराठी नाही. मी आणि मैत्रीण नुसत्या उभ्या होतो.

निघताना बाबा म्हणाले, “आपण करतो तो बेदाणा. हे बियांचं आहे, ही मनुका.” तोवर मी आमारोनेला ‘बेदाण्याची वाइन’ म्हणत होते. त्या दिवसापासून म्हणत नाही.

कृष्णाकाठ

खिशात घातले, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. शेडमध्ये आम्ही पण खाली टाकू देत नाही, एकाची लागण सगळ्यांना.

पश्चिमवारा

लेख आवडला, पण एका बाबतीत असहमत. मी म्युनिकला असतो, आमारोने बऱ्याचदा प्यायलोय. पंधरा-सोळा टक्के अल्कोहोल, वर किंचित गोडसर, अर्ध्या पेल्यातच जीभ दमते. जेवणाबरोबर तर चालतच नाही. मला वाटतं अलीकडे बाजारासाठी ती जास्तच जाड आणि गोड करत चाललेत. याच भागातली साधी वाल्पोलिचेल्ला क्लासिको, हलकी, आंबटसर, तीच खरी तिथल्या मातीची वाइन. सुकवण्याने जागा पुसली जाते असं माझं मत.

वेलांटी

@पश्चिमवारा, अर्धं मान्य. रोजच्या जेवणाला मीही साधी वाल्पोलिचेल्लाच घेते, थोडी गार करून. आणि गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची आमारोने मलाही नको होते. पण सगळ्या तशा नसतात. जुन्या वळणाची घरं क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात, त्यात लाकडाचा वास जवळजवळ लागत नाही. बेर्तानीची आमारोने घ्या, किंवा स्पेरीची. इथले नावाजलेले वाइन करणारे जुजेप्पे क्विंतारेल्ली 2012 मध्ये गेले, त्यांच्या घरची बाटली माझ्या आवाक्याबाहेरची आहे, पण एकदा मैत्रिणीच्या लग्नात दोन घोट मिळाले होते. भिजवलेल्या काळ्या मनुकांचा वास, सुकलेली चेरी, लवंग, आणि गिळल्यावर बराच वेळाने बदामाच्या सालीचा कडवटपणा. त्या कडवटपणाने तोंड स्वच्छ होतं आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. जड असूनही जी थकवत नाही ती चांगली आमारोने, माझी कसोटी एवढीच.

जागा पुसली जाते हे मात्र पटत नाही. मारानोच्या उंच उतारावरची आणि खाली सपाटीवरची शेजारी ठेवून बघा. वरची उभी राहते, खालची पसरते.

पश्चिमवारा

बेर्तानीची शोधतो. मी आतापर्यंत सुपरमार्केटमधल्याच घेतल्यात, हे मान्य करायला हवं. तिथे नाव आमारोनेचं आणि भाव रिपास्सोचा असतो, तेव्हा शंका यायला हवी होती.

पुरणपोळी

ताई, आम्ही पूर्ण शाकाहारी. याच्यासोबत काय खायचं? आपल्या जेवणाशी जमतं का? भारतात नेता येते का?

वेलांटी

@पुरणपोळी, इथे आमारोने घालून भात शिजवतात, रिझोत्तो. भात जवळच्याच इझोला देल्ला स्काला भागातला व्यालोने नानो. दाणा ठेंगणा, चुलीवर ढवळता ढवळता वाइन पीत जातो आणि जांभळा होतो. बटर, किसलेलं चीज, बाकी काही नाही. (काही चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते विचारून घ्या.) मांसाहारी लोक घोड्याचं मांस तासन्‌तास शिजवून खातात, ती इथली जुनी रीत. मी पोलेंता खाते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर परतलेली आळंबी. आणि जेवणानंतर मुरलेलं मोन्ते व्हेरोनेझे चीज नि अक्रोड, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आपल्या जेवणाबद्दल खरं सांगते. तिखटाबरोबर नको. अल्कोहोल जास्त असलं की तिखट दुप्पट भाजतं. तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांच्या जवळही नेऊ नका. काळा मसाला बेताने घातलेलं भरलं वांगं, शेंगदाण्याचं कूट जास्त, तिखट कमी, एवढ्यापर्यंत रिपास्सो छान जाते, घरी करून पाहिलंय. रेचोतो मात्र आपल्याकडच्या खजूर-अंजिराच्या वड्यांबरोबर अप्रतिम. पुरणपोळीबरोबर नको, गोडावर गोड होतं.

भारतात जाताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत आयातशुल्काविना नेता येते. म्हणजे दोन बाटल्या बसतात. तिथे विकत घ्यायची तर किंमत फारच वाढते.

जुना_गडी

एक सल्ला माझ्या अनुभवावरून. मुलाने आणलेली आमारोने मी ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ म्हणून पुण्यातल्या घरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर चार वर्षं ठेवली. चार उन्हाळे गेले. उघडली तेव्हा विटकरी रंग, जळक्या गुळाचा वास, चव मेलेली. मुलाने पहिल्या पगारातून आणलेली होती. फार वाईट वाटलं.

वेलांटी

@जुना_गडी, काका, वाचून वाईट वाटलं. आमारोने दहा-वीस वर्षं टिकते हे खरं, पण थंड, अंधाऱ्या, एकसारख्या तापमानाच्या तळघरात. आपल्याकडे तशी सोय नसेल तर आणली की सहा महिन्यांत प्यावी. उन्हाळ्यात तोवर फ्रीजमध्ये, दाराच्या खणात नको, आत खालच्या कप्प्यात. प्यायच्या दिवशी बाहेर काढून सोळा-अठरा अंशांवर येऊ द्यायची. मे महिन्यात पुण्याच्या घरात बाहेर ठेवून हे तापमान मिळणार नाही, तेव्हा खूण अशी की पेला हाताला गार लागावा पण दव धरू नये. तासभर आधी उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवा. आणि पुरवून प्या. बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहते, साध्या वाइनपेक्षा जास्त.

निफाडकर

पुढच्या महिन्यात भाऊ मिलानहून येतोय. त्याला एक साधी क्लासिको आणि एक रिपास्सो सांगितलीय. आमारोने पुढच्या फेरीला. बाबांनी परत आल्यावर काही करून पाहिलं का, उत्सुकता आहे.

वेलांटी

@निफाडकर, पाहिलं. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी शेडच्या सर्वांत खालच्या रॅकवर शरद या काळ्या, बिनबियांच्या द्राक्षाच्या दोन पेट्या डिपिंग न करता, गंधकाची धुरी न देता ठेवल्या. बेदाणा रोज हलवतात तसं हलवलं नाही, फक्त फिरून खराब मणी खुडले. एका पेटीत बुरशी शिरली, ती काढून टाकावी लागली. दुसरी निघाली. एप्रिलमध्ये येणाऱ्या एकाबरोबर त्यांनी अर्धा किलो पाठवला. प्लॅस्टिकच्या पिशवीवर मार्करने लिहिलेलं: ‘बिनडिपिंग, 31 दिवस, सावली’.

दिसायला काही खास नाही, काळपट आणि सुरकुतलेला. पण चावल्यावर आधी साल लागते, मग गोडी, मग जरा आंबट, आणि शेवटी अगदी थोडा कडवट. मी त्यातली मूठभर फुमानेला घेऊन गेले. आजोबांनी एक दाणा खाल्ला, दुसरा उजेडात धरून त्यात बी शोधली, नाही म्हटल्यावर मान हलवली आणि तिसरा घेतला. मग रेचोतोची बाटली उघडली. त्यांनी बाबांसाठीही एक पेला मांडून ठेवला. मी म्हटलं, ते घेत नाहीत. म्हणाले, माहीत आहे.

कृष्णाकाठ

ताई, बाबांना विचाराल का, घड देठाला टांगले होते की जाळीवर पसरले होते? आणि शेडचं तोंड कोणत्या दिशेला? या हंगामात मी चार पेट्या ठेवणार आहे.